माझ्या बुटातली गादी

"आयेचे पाय गेले आता. मेंढरं काढायचीच हायेत," असं माझा लेक माउली फोनवर बोलला, आन मी त्याच्यापासून हातभर लांब भाकरी थापत बसले व्हते. पाय गेले म्हनं. गेले म्हंजी कुटं गेले? हे काय, चुलीपुढं मुडपून घेतलेत की. येवढा राग आला, का हातातली भाकरी तव्याऐवजी परातीतच आपटली.

फोनच्या पलीकडं भिवाजी व्हता, मेंढरांचा व्यापारी. दरसाल येतो, चार नर बघतो, दात मोजतो, घिऊन जातो. औंदा त्याला समदा कळपच पायजे व्हता.

"सांग त्याला," मी म्हनलं, "जिची मेंढरं हायेत ती अजून मेली न्हाई."

माउलीनं फोन कानापासून बाजूला धरला आन माझ्याकडं बघितलं. बारकं पोर हट्ट करतंय आन आपन दमानं घ्यावं, तसं बघितलं. त्याचं मला जास्त लागलं.

कळप माझा हाय. माझ्या बापानं लग्नात आंदन म्हनून दोन मेंढ्या दिल्या व्हत्या, त्यांचीच ही पिलावळ. माझे मालक, धुळाजी, पयलं तेच चारायला न्यायचे. मग त्यांच्या डोळ्यावर पडदा आला. आपरेशन झालं, तरी एका डोळ्यानं धुकंच दिसतं. तवापासून धरनाकाठचा डोंगर मीच चढते. माउली हिंजवडीत एका कंप्युटरच्या कंपनीत गेटवर वॉचमन हाय. तो आन सून सोनिया जांब्यात भाड्याच्या खोलीत ऱ्हात्यात, सुट्टीला गावाला येत्यात. त्याचं म्हननं, मेंढरं इकायची आन आमी दोघांनी त्या खोलीत येऊन ऱ्हायचं. मी ती खोली बघितलीय. खिडकी उघडली का शेजारच्या बिल्डिंगीची भिंत. तितं मी दिवसभर काय करू, भिंत चारू?

पन खोटं कशाला बोलू, पायांनी मला लई छळलं व्हतं. थंडीत बोटं निळी पडायची. तळव्याला मुंग्या यायच्या, मग मुंग्याबी जायच्या आन निस्तं लाकूड ऱ्हायचं. चढाला लागलं का पोटऱ्यांत गोळे. एकदा काटा मोडला तो मला रातच्याला धनी बोलले तवा कळला. माउलीनं ते समदं ध्यानात धरलं आन भिवाजीला फोन लावला. आयेला डाक्टरकडं न्यावं हे त्याच्या मनात आलं न्हाई. ते सोनियाच्या मनात आलं. सून माझी तोंडानं फटकळ हाय, माझ्यावरच गेलीय म्हनत्यात, पन मला गाडीवर बसवून दवाखान्यात तिनंच नेलं.

डाक्टरीन पोरसवदा व्हती, गौतमी नावाची. तिनं पायाच्या वरच्या अंगाला बोटं दाबून ठोका शोधला. मग पेनासारखं एक यंत्र लावलं, त्यातून सुं सुं आवाज आला.

"साखर नाहीये मावशी, पण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. खाली रक्त कमी पोचतंय. मिश्री लावता?"

"लावते."

"बंद करायची. आजपासून."

मिश्री बंद. हे ऐकून मी उठूनच चालले व्हते. सोनियानं पदर धरून बसवलं. डाक्टरीननं गोळ्या दिल्या, गरम मोजे सांगितले. आन म्हनली, ह्या टायरच्या वहाना फेकून द्या, पुढं रुंद असलेले बूट घ्या आन आत आधाराची गादी घाला, दुकानात इनसोल म्हणून मिळते. तळवा रोज बघायचा, कुटं लाल हाय का, फोड हाय का.

"गादीनं रगत यील व्हय पायात?" मी इचारलं.

"नाही. कोणी तसं सांगितलं तर ऐकू नका. गादीनं पायावरचा भार वाटला जातो, एकाच जागी दाब बसत नाही. त्यामुळं तुम्ही चालू शकाल. आणि चालण्यानं रक्त फिरतं."

मला तिचं बोलनं पटलं. उगा देवाधर्माचं सांगितल्यावानी न्हाई बोलली. मग तिनं माझ्या बोटांतल्या जोडव्यांवर पेन ठेवला. "ही मात्र काढावी लागतील. बोटं सुजलीत, मांस वर आलंय बघा. बुटात ही रुततील."

मी पाय मागं घेतला. म्हनलं, "नवरा जिता हाय माझा."

तिनं कागदावर कायतरी लिवलं आन दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

पिरंगुटच्या दुकानात बायांचे बूट समदे चिंचोळे. एक पाय जाईना. मी म्हनलं, गड्यांचे दाव. दुकानदार म्हनला, "मावशी, काकांसाठी घ्यायचेत का?" मी म्हनलं, काका घरी बसून हायेत, डोंगर मी चढते. तवा त्यानं काळे, पुढं ऐसपैस असलेले बूट काढले. गादी निराळी घेतली. टाचंला वाटीसारखी खोल, मधी तळव्याच्या पोकळीत उंचवटा. दुकानातच घालून दोन येरझाऱ्या मारल्या. तळव्याखाली कुनी हात धरावा तसं वाटलं. आमच्या जातीत बाईनं बूट घातलेला मी तरी बघितला न्हाई. मी घालूनच यष्टीत बसले. बाया बघत व्हत्या, बघू दे म्हनलं.

आता माझी चूक सांगते. जोडवी तर काढायची न्हाईत. मग बुटात बोटाला जागा कशी व्हायची? मला वाटलं, जोडवं जितं टेकतं तितं गादीच कापावी, म्हंजी ते त्या खळग्यात बसंल. लोकर कातरायची कातर घेतली आन दोन्ही गाद्यांच्या पुढं खाचा पाडल्या. अशा झ्याक बसल्या का मीच माझ्यावर खूश. धनी आले, त्यांनी बोटानं चाचपून बघितलं, म्हनले, "डाक्टरीन व्हायला पायजे व्हतीस." दोघंबी हसलो.

बूट घालून मी डोंगरावर ग्येले आन पयल्यांदाच पोटरीनं लवकर धरलं न्हाई. कोकरू पळालं तर त्याच्यामागं पळले. येवढी खूश व्हते का तळवा बघायचं इसरले. सोनिया ऐतवारी आली, म्हनली, आत्या मोजा काढा, फोटो काढून बघू. तिची रीत तशी, वाकून तळवा दिसत न्हाई म्हनून मोबाईलमधी फोटो काढायचा आन मोठा करून दावायचा. मोजा काढला तर पुढचा शेंडा रगतानं वाळून कडक झाल्याला. कापलेल्या गादीची कड दुमडून वर आली व्हती, वरनं जोडवं दाबत व्हतं, आन दोघांच्या मधी बोट सोलून निघालं व्हतं. मला काय पत्ताच न्हाई. लाकडाला काय कळनार?

डाक्टरीन मला अशी बोलली का माझी सासू परवडली. म्हनली, रक्त कमी पोचतंय तिथं जखम भरत नाही मावशी, बोट जाऊ शकतं, पाय जाऊ शकतो. पट्टी बांधली. नवी गादी घ्या, कापायची न्हाई. जोडवी काढल्याबिगर बूट घालायचा न्हाई. आन जखम भरली का चालायचं कसं तेबी सांगितलं. पोटरी धरली का बसायचं, कळ गेली का उठायचं, पुन्हा चालायचं. रेटायचं न्हाई. दात-ओठ खाऊन चढलं तर मर्दुमकी न्हाई, नुकसान हाय.

घरी आले तर ओट्यावर कोंडिबा भावजी बसले व्हते, धन्यांचे थोरले भाऊ. त्यांच्या म्होरं मी डोईवरचा पदर कवा ढळू दिला न्हाई. माउलीबी व्हता. भावजी धन्यांकडं बघून बोलले, माझ्याकडं बघून न्हाई. "बाईमानसानं बूट घातल्यावर दुसरं काय व्हनार. शोभत न्हाई ते. पोरगा म्हनतोय तर मेंढरं देऊन टाका आन सुखानं खावा."

"बुटानं न्हाई झालं," मी पदराआडून म्हनलं. "जोडव्यानं झालं."

भावजींनी पान थुकलं आन उठले. माउली म्हनला, "आये, बास आता. बोट बरं व्हऊ दे, मग भिवाजीला बोलवतो." तो जायला निघाला तशी मी चुलीपाशी जाऊन रडले. रागानं रडले, दुसरं काय न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धन्यांना सरळ सांगितलं. जोडवी काढनार हाय.

ते दोरी वळत व्हते. हात थांबला. "मी मेल्यावर काढ," ते म्हनले. "मग काय करायचं ते कर."

"तुमी मरूस्तोवर माझा पाय ऱ्हायला पायजे का नगं?"

"माझ्या नावाची हायेत ती, तुके."

"नाव तुमचं हाय. बोट माझं हाय."

ते उठले आन मेंढरांच्या वाडग्याकडं ग्येले. पाठमोरे बसून ऱ्हायले. मला कळलं, मानूस चिडला न्हाई, भ्याला हाय. आमच्यात जोडवी उतरवायची ती येकदाच, मढ्यापाशी. जित्याची उतरवली म्हंजी त्याला हाक मारून बोलावल्यागत. मलाबी भ्या वाटलं न्हाई असं न्हाई. पन जखमी बोट बघितलं आन म्हनलं, ज्या मानसासाठी घातली त्याच्यासाठी येक पाय द्यायचा, ही कुटली रीत. तेल लावलं, साबन लावला, दोरा गुंडाळला. इंचभर हलंनात. मग पौडाला सोनाराकडं ग्येले.

सोनारानं हत्यार हातात घेतलं आन हळू आवाजात इचारलं, "मालक कधी गेले?"

"घरी हायेत," मी म्हनलं. "चा पीत असतील."

त्यानं हत्यार खाली ठेवलं. म्हनला, माझ्या हातून नको. मी म्हनलं, तुझ्या हातून नगं तर हत्यार हिकडं दे, मी कापते. तवा त्यानं मान खाली घालून दोन्ही कापली. बोटाला गोल पांढरा वळ व्हता, कातडी इतकी मऊ का कवा ऊनच लागलं न्हाई. तुकडे पदरात बांधून घरी आनले आन धन्यांच्या हातात दिले. त्यांनी ते डोळ्याजवळ धरून लई येळ बघितले.

"झिजलीत गं," येवढंच म्हनले, आन कोपरीच्या खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी पहाटं मी उठले आन आधी त्यांच्या नाकापुढं हात धरला. श्वास चालला व्हता. घोरतबी व्हते. मग मी चुलीकडं ग्येले.

बोट भरायला येळ लागला. दिवाळी ग्येली, तुळशीचं लगीन झालं, खाचरांतली भातं निघाली. तवर धनी एका डोळ्यानं आन मी काठी टेकत, दोघं मिळून वाडग्याच्या आसपास मेंढरं चारली. डाक्टरीननं जखम बघून मान हलवली तवाच नवी गादी बुटात घातली, न कापता. सोनिया रोज फोनवर इचारायची, तळवा बघितला का. मिश्रीची आठवन यायची तवा जिवाची तगमग व्हायची. शेजारनीवर वसकायची, पन लावली न्हाई.

आन एका ऐतवारी माउली भिवाजीला घिऊनच आला. संगं कोंडिबा भावजी. भिवाजीनं वाडग्यात शिरून मेंढरांच्या पाठी दाबायला सुरवात केली. मी म्हनलं, "हात काढ." त्यानं माउलीकडं बघितलं.

माउली वाईट पोरगा न्हाई. माझा लेक हाय, मला ठावं हाय. त्याला वाटत व्हतं, आय डोंगरावर पडून ऱ्हायली आन कुनाला कळलंच न्हाई तर काय. त्याच भ्यानं तो आडमुठा झाला व्हता. तो म्हनला, "आये, भांडन नगं. मेंढरं सोड आन समोरचा चढ चढून दाव. मधी न बसता वर ग्येलीस, तर मी पुन्हा इकायचं नाव काढनार न्हाई. बसलीस, तर भिवाजी आजच टेंपो बोलावनार. हाय कबूल?"

मी हो म्हनलं न्हाई, न्हाईबी म्हनलं न्हाई. ओट्यावर बसले आन मोजे घालायला पाय वर घेतला. भावजींची नजर माझ्या बोटांवर पडली.

"धुळाजी जिता असताना तुझी जोडवी कुटं हायेत?"

पयल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले. माउलीचंबी तोंड उघडं ऱ्हायलं, त्याला म्या सांगितलं नव्हतं. भिवाजी वाडग्यातून भायेर आला, त्याला तर फुकटची करमनूक.

धनी खांबाला टेकून उभे व्हते. त्यांनी घसा साफ केला. "म्या काढाय लावली," ते म्हनले. "माझी आज्ञा व्हती."

जलमात त्यांनी मला कवा आज्ञा केली न्हाई. माझ्यासाठी थोरल्या भावासमोर खोटं बोलत व्हते, आन तोंड लाल झालं व्हतं. मी गप बसले असते तर भागलं असतं. नवऱ्यानं सांगितलं म्हनल्यावर भावजींचं तोंडच मिटलं असतं. पन मग ती काढायलाबी नवऱ्याची परवानगी लागली असं झालं असतं, आन उद्या बूट घालायला लेकाची.

"न्हाई," मी म्हनलं. "त्यांनी नगं म्हनलं व्हतं. मी काढली. माझ्या पायात रगत पोचंना, म्हनून काढली. तुमचा भाऊ तुमच्या म्होरं उभा हाय, धडधाकट. हात लावून बघा."

भावजी काय बोलले ते मी ऐकलं न्हाई. डोईवरचा पदर नीट केला, बुटाची नाडी बांधली, वाडग्याचं दार उघडलं आन मेंढरं हाकली.

चढ म्हंजी काय, धरनाच्या पान्यापासून थेट वर, बारकी पायवाट, दोन्ही अंगाला करवंदीची जाळी. मेंढरं पुढं सुटली, येक गाभन मेंढी तेवढी मागं रेंगाळली. गादी तळव्याला धरून व्हती, टाच हलत न्हाई, बोटं मोकळी. मी माझ्या चालीनं चालले. मागं वळून न बघताबी कळत व्हतं, समदे ओट्याच्या खाली येऊन उभे हायेत. निम्म्याच्या वर ग्येले आन डावी पोटरी धरली. पयलं हळू, मग पिळा घातल्यागत.

वरचा सपाट माळ दिसत व्हता. रेटलं असतं तर पोचले असते, हे मी तुमाला शपथेवर सांगते. दात-ओठ खाऊन पोचले असते, लेकाचं तोंड बंद झालं असतं, भिवाजी मोकळा टेंपो घिऊन ग्येला असता. मग उद्या? उद्याबी तसंच चढायचं, कुनी बघतंय म्हनून? एकदा त्यांच्या अटीवर चढले का दरवेळेला त्यांच्याच अटीवर चढायचं, आन ज्या दिवशी पाय जाईल त्या दिवशी म्हननार, बघ, सांगत व्हतो.

मी बसले. समद्यांच्या देखत, वाटंच्या मधी, दगडावर बसले. तोंड खाली गावाकडं करून बसले, म्हंजी समद्यांना नीट दिसावं. बूट काढला, मोजा काढला, पाय मांडीवर घेतला आन तळवा बघितला. लाल न्हाई, फोड न्हाई.

खालून भिवाजीचा आवाज आला, "बसली की वो." माउली पळत वर आला. कंपनीत खुर्चीवर बसून त्याला सवय ऱ्हायली न्हाई, माझ्यापाशी येस्तोवर त्याचाच भाता झाला. गुडघ्यावर हात ठेवून उभा ऱ्हायला.

"आये, बसलीस."

"बसले. उद्याबी बसनार. परवाबी हितंच बसनार, न्हाईतर दहा पावलं खाली. पोटरी धरली का बसायचं, सोडली का उठायचं, असंच माझं चालनं हाय आता. तुझी अट तुझ्यापाशी ठेव, ती मी घेतलीच नव्हती. माझ्या बापाची मेंढरं हायेत, माझे पाय हायेत, आन बसल्या बाईची मेंढरं इकायची ज्याची छाती असंल त्यानं हितं येऊन माझ्या म्होरून हाकून न्यावीत."

तो माझ्या उघड्या पायाकडं बघत ऱ्हायला. बोटावरचा पांढरा वळ, बाजूची भरलेली जखम, समदं त्यानं बघितलं. आय डाक्टरकडं जाऊन आली, बूट आनले, जोडवी काढली, आन ह्यानं येकदाबी पाय बघितला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पानी आलं. मला बरं वाटलं, येवढं वाईट बोलते मी, पन बरं वाटलं.

पोटरी सुटली. मी मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली. त्यानं मला उठवायला हात पुढं केला.

"मला नगं," मी म्हनलं, आन काठी टेकून उठले. "मागं ती गाभन मेंढी ऱ्हायलीय, तिच्यासंगं चाल. हाकू नगंस. बसली तर बसू दे तिला."

त्यानं खाली भिवाजीला हातानं जा म्हनून खुनावलं आन मेंढीच्या मागं ग्येला.